अंघोळीच्या पाण्याची दुसरी पाळी

पुण्यातल्या पेठांत किंवा मुंबईत दादर-गिरगावकडे जुन्या इमारतीच्या मागच्या बोळात शिरले, की भिंतीवरून दोन वेगवेगळे पाइप खाली उतरलेले दिसतात. जाड पाइप संडासाचा. तो थेट ड्रेनेजच्या चेंबरला जातो. दुसरा बाथरूम, बेसिन आणि मोरीचा. तो जमिनीलगतच्या एका लहान चौकोनी हौदीत मोकळा होतो. प्लंबर तिला गली ट्रॅप म्हणतात. तिथून पुढे तो त्याच चेंबरला जाऊन मिळतो. वरचे चार मजले वेगळे राहिलेले पाणी शेवटच्या काही फुटांत मैल्यात मिसळते. घरच्या सांडपाण्याच्या पुनर्वापराची सुरुवात करायची ती याच जागेपासून, कारण एकदा मिसळलेले पाणी पुन्हा वेगळे करणे कुठल्याही घराच्या आवाक्यातले काम नाही.

संडासातून येते ते मैलापाणी. त्याला ड्रेनेज किंवा सेप्टिक टँक हीच वाट आहे आणि या पुस्तिकेत त्याचा विचार केलेला नाही. अंघोळीचे, कपड्यांचे, हात-तोंड धुण्याचे पाणी म्हणजे ग्रेवॉटर. ग्रामपंचायतीच्या कागदांत त्याला नुसते सांडपाणी म्हणतात. स्वयंपाकघरातल्या सिंकचे पाणी या दोहोंच्या मधले. त्यात तेल असते, खरकटे असते, कणकेचे आणि डाळ-तांदळाचे पिठूळ पाणी असते. ते काही तासांत आंबते आणि त्यातले तेल पाइपच्या आतून थर धरते. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्या घराने निदान पहिले वर्ष सिंकच्या वाटेला जाऊ नये, हे या पुस्तिकेचे स्पष्ट मत आहे. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी पातेल्यात धरून थेट कुंडीत ओतता येते. त्यासाठी यंत्रणा लागत नाही.

पाणी नेमके किती, हा पुढचा प्रश्न. आयएस ११७२ या भारतीय मानकात शहरातल्या माणसाच्या रोजच्या १३५ लिटर पाण्याची वाटणी दिलेली आहे : अंघोळ ५५ लिटर, संडासाचा फ्लश ३०, कपडे २०, भांडी १०, घराची सफाई १०, स्वयंपाक ५ आणि पिणे ५. चौघांचे घर धरले तर अंघोळ आणि कपडे मिळून दिवसाचे ३०० लिटर होतात. त्याच घरात फ्लशला लागतात १२० लिटर. धरणातून आणलेले, तुरटी आणि क्लोरीन घालून शुद्ध केलेले, पंपाने गच्चीवर चढवलेले हे १२० लिटर पाणी संडासात सोडले जाते आणि त्याच्या अडीचपट बऱ्यापैकी स्वच्छ पाणी शेजारच्या जाळीतून निघून जाते.

अर्थात हे आकडे कागदावरचे. मराठी घरांत अजून बादलीने अंघोळ करणारे पुष्कळ आहेत आणि एक बादली म्हणजे पंधरा ते वीस लिटर. शॉवरखाली उभे राहणाऱ्याला याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज लागते. कपडे धुण्याचे यंत्र समोरून उघडणारे असेल तर एका धुण्याला पन्नास-साठ लिटर, वरून उघडणारे असेल तर शंभराच्या पुढे. म्हणून टाकी, पाइप, खडी यांपैकी काहीही विकत घेण्याआधी घराने एक आठवडा आपल्या बादल्या मोजाव्यात. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सगळे मापन त्यावरच उभे असते. बहुतेक फसलेल्या यंत्रणांत टाकी गरजेपेक्षा मोठी असते आणि त्यात पाणी पडून राहते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यात पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तिच्यातून एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची वस्ती साधारण ३ लाख ८३ हजार. माणशी अंघोळीचे दहा लिटर धरले, तरी एका दिवसाचे ते ३८ लाख लिटर होतात, म्हणजे पन्नास वाघिणींच्या गाडीपेक्षाही जास्त. अंघोळीचे पाणी पिता येत नाही, हे खरेच. पण त्यातली एक बादली संडासात ओतली की पिण्याजोगी एक बादली वाचते. टंचाईत सापडलेल्या गावांतल्या बायकांना हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. घंगाळात किंवा परातीत बसवून मुलांना अंघोळ घालायची, ते पाणी भरून ठेवायचे आणि त्यानेच न्हाणी-संडास धुवायचा, हे मराठवाड्यात दर दुष्काळात घडत आले आहे.

जगातली मोठी शहरेही याच मार्गाने गेली. २०१८ साली केपटाऊनमध्ये माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली गेली, तेव्हा तिथल्या खात्यापित्या घरांतही शॉवरखाली टब ठेवून ते पाणी फ्लशला वापरणे सुरू झाले. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड जाहीर झाला. पण टंचाईपोटी केलेली सोय पावसाबरोबर वाहून जाते. नळाला पाणी आले की टब बाजूला होतो. पाणी मुबलक असतानाही जी चालू राहील, रोज उठून जिच्याकडे कुणाला बघावे लागणार नाही, अशी यंत्रणा उभारणे हे या पुस्तिकेचे उद्दिष्ट आहे.

अशी एक यंत्रणा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत होती आणि अनेक घरांत अजून चालते. न्हाणीघर मागल्या दारी, न्हाणीच्या भिंतीला तळाशी एक भोक, त्यातून निघालेला पाट थेट अळवाच्या आळ्यात, त्याच्या पुढे केळी, कर्दळ आणि शेवटी एखादा माड. न्हाणीकडच्या अळवाची पाने सुपाएवढी होतात हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असे. पाणी साठत नव्हते, त्याला पंप नव्हता, गाळणी नव्हती. ते बाहेर पडल्यावर काही क्षणांत मातीत मुरत होते आणि मातीतले जिवाणू त्यातला मळ खाऊन टाकत होते. पाणी फार नव्हते, कारण ते रहाटावरून हाताने शेंदून आणलेले असे. आणि त्यात मिसळलेले असे ते शिकेकाई, रिठा, उटणे, फार तर साबणाची एखादी वडी. भांडी राखेने घासली जात.

कोकणातला पाट जसाच्या तसा उचलून सोलापूर-परभणीला नेला तर मात्र तो चालेलच असे नाही. एक कारण जमिनीचे. कोकणातला जांभा पाणी झरझर मुरवतो. देशावरची काळी जमीन ओली झाली की फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि पाणी वर तुंबते. घराच्या पायाजवळ असे पाणी मुरवत राहिले तर माती फुगते-आकसते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून काळ्या जमिनीत पाणी पायापासून चांगले लांब, उताराच्या बाजूला न्यावे लागते आणि एकाच जागी न मुरवता चार ठिकाणी वाटून द्यावे लागते.

दुसरे कारण साबणाचे, आणि ते अधिक गंभीर आहे. १९५९ मध्ये भारतात सर्फ आले, १९६९ मध्ये अहमदाबादेतून निरमा निघाला आणि पुढच्या वीस वर्षांत धुण्याची पावडर खेड्यापाड्यांत पोचली. स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा मोठ्या प्रमाणात असतो. सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. पाण्याबरोबर हे सोडियम मातीत जाते आणि चिकणमातीच्या कणांवर जाऊन बसते. एरवी त्या जागी कॅल्शियम असते, तेच कणांना एकमेकांना धरून ठेवते. सोडियमने ती पकड सुटते, कण विखुरतात, बारीक छिद्रे बुजतात. वाळल्यावर माती दगडासारखी कडक, ओली झाल्यावर लोण्यासारखी लिबलिबीत. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात आणि ती सुधारण्यासाठी जिप्सम घालतात, कारण जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला बाजूला सारते. कालव्याच्या अतिपाण्याने ऊसपट्ट्यातल्या जमिनी चोपण झालेल्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. परसातल्या चार वाफ्यांत तेच धुण्याच्या पाण्याने होऊ शकते. त्याला वेळ जास्त लागतो एवढेच.

म्हणून सांडपाण्याच्या यंत्रणेची पहिली गाळणी दुकानातच लागते, साबण निवडताना. पावडरीपेक्षा द्रवरूप डिटर्जंटमध्ये सोडियमचे प्रमाण साधारणपणे कमी असते. बोरॅक्स आणि ब्लीच असलेली उत्पादने बागेच्या पाण्यात येऊ देऊ नयेत. बोरॉन झाडाला अगदी थोडे लागते आणि थोडे जास्त झाले की पानांच्या कडा करपतात. पावडर सोडवत नसेल तर पाण्याचे दोन भाग करावेत. पहिले, फेसाचे पाणी गटारात. त्यानंतर कपडे खळबळलेले पाणी बागेत. हाताने धुणाऱ्या घरात हे सहज जमते. यंत्रातही पहिले पाणी आणि नंतरची पाणी वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. नळीच्या तोंडाशी तीन तोंडांची झडप बसवली की वाट बदलता येते. ज्या गावात मुळातच बोअरचे खारट, जड पाणी आहे, तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण आधीच्या क्षारांत साबणाचे क्षार मिसळतात.

आता वेळेची गोष्ट. अंघोळीचे पाणी एका ड्रममध्ये झाकून ठेवले तर पहिल्या दिवशी ते फिकट दुधट दिसते आणि त्याला साबणाचा वास येतो. त्यात त्वचेचे कण, केस, तेल आणि शरीरावरचे जिवाणू असतात. जिवाणूंना खाद्य मिळालेले असते, ते वाढू लागतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. दुसऱ्या दिवशी पाणी राखाडी होते, वर पातळ साय धरते. प्राणवायू संपला की हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड. तिसऱ्या दिवशी तळाला काळा गाळ दिसतो. उघडे राहिले तर डासांच्या अळ्या वेगळ्याच. हे पाणी आता गटारातल्या पाण्यापेक्षा फारसे वेगळे नाही आणि झाडांनाही नकोसे आहे. ग्रेवॉटर चोवीस तासांच्या आत मार्गी लागले पाहिजे, हा नियम जगभर पाळला जातो त्याचे कारण हेच. साठवण्याची टाकी ही पावसाच्या पाण्याच्या यंत्रणेची सर्वांत महत्त्वाची वस्तू. सांडपाण्याच्या यंत्रणेत ती जितकी लहान तितकी बरी.

सर्वांत साधी यंत्रणा फ्लॅटमध्येही जमते. कपड्यांच्या यंत्राची नळी मोरीत सोडण्याऐवजी एका ड्रममध्ये सोडायची आणि त्यातले पाणी बादलीने संडासात ओतायचे, लादी पुसायला, बाल्कनी धुवायला घ्यायचे. यंत्राचा पंप स्वतःच पाणी बाहेर फेकतो, म्हणून वेगळी वीज लागत नाही. मात्र तो लहान असतो, त्याच्या नळीला लांबलचक पाइप जोडला किंवा ती फार उंच चढवली तर पंप जळतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २००९ साली कपड्यांच्या यंत्राचे पाणी परवान्याशिवाय थेट बागेत नेण्याची मुभा दिली, तीही या सोपेपणामुळेच.

बैठे घर आणि थोडे अंगण असेल तर त्यापुढची पायरी आळ्याची. बाथरूमचा पाइप गली ट्रॅपच्या आधी फोडायचा, तिथे झडप बसवायची : एक तोंड नेहमीच्या चेंबरकडे, दुसरे बागेकडे. बागेकडच्या पाइपला दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार हवा. उतार कमी पडला तर केस आणि साबणाची साय मध्येच बसते. बाथरूमच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो त्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभे असते आणि तेच दुर्गंधी वर येऊ देत नाही. नवा पाइप जोडताना ट्रॅप काढून टाकणारे गवंडी भेटतात, त्यांना तिथेच थांबवावे. पाइप झाडाच्या आळ्यात उघडा न सोडता, नारळाच्या शेंड्या, काटक्या आणि पालापाचोळा भरलेल्या खोलगट खड्ड्यात सोडायचा आणि वरून झाकायचा. पाणी दिसले नाही पाहिजे. न दिसणाऱ्या पाण्यावर डास होत नाहीत, कुत्री-मांजरे तोंड लावत नाहीत आणि मुले त्यात खेळत नाहीत. पालापाचोळा कुजून जातो, तो अधूनमधून नवा भरावा लागतो. कुजलेला भाग उत्तम खत असते.

किती झाडे जगतील? पूर्ण वाढलेल्या केळीला उन्हाळ्यात दिवसाला पंधरा ते वीस लिटर पाणी लागते, माडाला तीस-चाळीस. बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांच्या घरातून अंघोळ आणि कपड्यांचे मिळून दीडशे लिटर निघाले, तर सात-आठ केळी किंवा चार माड भर उन्हाळ्यात हिरवे राहतात. पपई, अळू, कर्दळ, शेवगा, लिंबू ही झाडेही चालतात. कोथिंबीर, मुळा, गाजर, पालक असे जमिनीलगत वाढणारे आणि कच्चे खाल्ले जाणारे काहीही या पाण्यावर लावू नये. अंघोळीच्या पाण्यात विष्ठेतले जिवाणूही काही प्रमाणात असतातच. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने २००१ साली दिवसाला ४०० गॅलन, म्हणजे सुमारे १,५०० लिटरच्या आतल्या घरगुती यंत्रणांना वेगळ्या परवान्यातून मोकळे केले, पण अटी साध्या आणि कडक ठेवल्या : फवारणी नाही, पाणी पृष्ठभागावर साचू द्यायचे नाही, बाळाच्या लंगोटांचे पाणी त्यात यायचे नाही. त्या अटी महाराष्ट्रातल्या घरालाही तशाच लागू पडतात. घरात जुलाब किंवा काविळीचा रुग्ण असेल तर तेवढे दिवस झडप चेंबरकडे फिरवावी.

पाणी गाळून आणखी स्वच्छ हवे असेल, तर खडीचा वाफा. १९५० च्या दशकात जर्मनीतल्या प्लॉन येथील माक्स प्लांक संस्थेत केटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी पाणवनस्पतींच्या मदतीने सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. आज जगभर जे कृत्रिम पाणथळीचे वाफे दिसतात त्यांचा उगम तिथे. काम करतात ते मुख्यतः खडीवर थर करून राहणारे जिवाणू. वनस्पती त्यांना मुळांवाटे थोडा प्राणवायू पुरवतात, खडी मोकळी ठेवतात आणि नत्र-स्फुरद शोषून घेतात. आपल्याकडे यासाठी कर्दळ, पाणकणीस, वाळा आणि छत्री गवत सहज मिळतात. कर्दळ सर्वांत सोपी, शिवाय फुलते.

मापाचे एक उदाहरण घेऊ. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर खोल असा विटांचा किंवा प्लॅस्टिकचे अस्तर घातलेला खड्डा बारीक खडीने भरला तर त्याचे एकूण घनफळ १,८०० लिटर. खडीच्या दाण्यांमधली पोकळी साधारण ४० टक्के धरली तर आत ७२० लिटर पाणी मावते. दिवसाला ३०० लिटर आत गेले तर प्रत्येक थेंब सुमारे अडीच दिवस खडीत राहतो. तेवढा वेळ जिवाणूंना पुरतो. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थरापेक्षा चार बोटे खाली ठेवायची, म्हणजे वरून चालले तरी पाय कोरडा राहतो आणि डासाला जागा मिळत नाही. वाफ्याच्या आधी गाळ बसायला झाकणाची एक छोटी हौदी हवीच. तिच्याशिवाय केस आणि धागे खडीत शिरतात आणि पाणी आत घुसते तिथली खडी काही महिन्यांत तुंबते. वाफ्यात थांबलेले पाणी ड्रममधल्या पाण्यासारखे का नासत नाही, असा प्रश्न वाचकाला पडेल. ड्रममध्ये पाणी नुसते पडून असते. वाफ्यात ते सतत सरकत राहते आणि त्यातला मळ खाणारे जिवाणू खडीवर आधीच ठाण मांडून बसलेले असतात. बाहेर पडणारे पाणी बऱ्यापैकी नितळ असते आणि बागेला निर्धास्त देता येते, पिण्याला किंवा अंघोळीला मात्र नाही.

बंगळुरूचे जलतज्ज्ञ एस. विश्वनाथ यांनी तर कपड्यांचे पाणी पाणवनस्पतींतून गाळून गच्चीवर भात पिकवून दाखवला आहे. प्रत्येकाने तसे करावे असे नाही, पण अंगण नाही म्हणून हात बांधलेले आहेत ही समजूत त्याने दूर होते.

फ्लशच्या टाकीत हे पाणी पाइपने नेणे ही वेगळी इयत्ता आहे. त्यासाठी गाळणी लागते, पंप लागतो, गच्चीवर वेगळी टाकी लागते आणि निर्जंतुकीकरण लागते. नाहीतर फ्लशच्या टाकीत साय धरते आणि वास येतो. पिण्याच्या पाइपशी या पाइपची कुठेही जोडणी होता कामा नये, टंचाईत तात्पुरती म्हणूनसुद्धा नाही. या पाइपचा रंग वेगळा ठेवणे आणि नळावर ठळक खूण करणे यात कसर करू नये, कारण दहा वर्षांनी येणाऱ्या प्लंबरला आतले काही माहीत नसते. एकट्या फ्लॅटसाठी हा खटाटोप या पुस्तिकेच्या मते फायद्याचा नाही. तिथे बादलीच बरी. वसतिगृह, शाळा, मोठी सोसायटी यांच्यासाठी मात्र तो हिशेबात बसतो.

शाळांचे उदाहरण नागपूरशी जोडलेले आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने युनिसेफबरोबर मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांत अंघोळीच्या पाण्याच्या यंत्रणा बसवल्या आणि २००७ मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिथली अडचण अशी, की संडास बांधलेले होते पण त्यात टाकायला पाणी नव्हते, म्हणून ते बंद पडत आणि मुलांना बाहेर जावे लागे. दुसरीकडे शेकडो मुलांच्या अंघोळीचे पाणी रोज आवारात वाहून चिखल करत होते. गाळ बसण्याची टाकी, खडी आणि वाळूचे थर, शेवटी क्लोरीन, एवढ्यावर ते पाणी संडासांना पुरवता आले. पाणीटंचाई, अस्वच्छता आणि चिखल या तीन तक्रारींचे उत्तर आवारातच सापडले. निवासी शाळा चालवणाऱ्या संस्थांनी ही पुस्तिका आवर्जून बघावी.

गावांत प्रश्न जरा निराळा असतो, पाण्याचा पुनर्वापर करण्यापेक्षा ते रस्त्यावरून हटवण्याचा. २०१९ पासून जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या घराला माणशी ५५ लिटर नळाने देण्याचे ठरले. आत आलेल्या त्या पाण्याचा बहुतांश भाग बाहेरही पडणार. त्याला वाट काढून दिली नाही तर गल्लीतली गटारे वाहू लागतात. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने यावर शोषखड्ड्याचा एक प्रकार घरोघर केला आणि तो पुढे जिल्हाभर पसरला. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध वरच्या बाजूला भोके पाडलेली सिमेंटची छोटी टाकी, भोवती दगड-गोटे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, निवळलेले पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत. गल्लीत पाणी उरले नाही तसे डासही कमी झाले. रोजगार हमीतून हे खड्डे करता येऊ लागले, तेव्हा ते झपाट्याने वाढले. या खड्ड्याला एकच पथ्य : विहीर आणि हातपंप लांब हवेत. सेप्टिक टँकच्या पाण्यासाठी भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर अंतर सांगितले आहे, तेच इथेही पाळणे शहाणपणाचे. आणि जिथे अंगणात दोन झाडे लावण्याइतकी जागा आहे तिथे खड्ड्याआधी झाडाचे आळे करावे. पाणी नुसते मुरवण्यापेक्षा त्यावर केळीचा लोंगर काढलेला केव्हाही चांगला.

शहरातल्या मोठ्या गृहप्रकल्पांसाठी सांडपाण्याच्या पुनर्वापराच्या तरतुदी महाराष्ट्राच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. नागपूरसारख्या शहराने तर भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रापर्यंत नेले आहे. पण सोसायटीच्या तळघरातला प्रकल्प ताबा मिळाल्यानंतर चालतो की नाही, हे नियमावली ठरवत नाही, सोसायटीची सर्वसाधारण सभा ठरवते. विजेचे बिल आणि चालवणाऱ्या माणसाचा पगार यांवरून वाद झाला की पहिला पंप बंद होतो. जिवाणूंना दोन दिवस हवा मिळाली नाही की दुर्गंधी सुटते, रहिवासी तक्रार करतात आणि प्रकल्पाला कुलूप लागते. बाथरूमचे पाणी मैलापाण्यापासून वेगळे ठेवणाऱ्या इमारतींत यंत्रणा लहान आणि सोपी होऊ शकते. नवी इमारत बांधणाऱ्यांनी आणि पुनर्विकासाच्या करारावर सह्या करणाऱ्यांनी नकाशा हातात आल्यावर सर्वांत आधी हेच विचारावे, की दोन पाइप वेगळे खाली येणार आहेत का. भिंती उभ्या राहिल्यावर ते करायचे म्हणजे फरशा फोडणे आले.

पुढील प्रकरणांत या प्रत्येक प्रकाराची आखणी, सामानाची यादी आणि जोडणी सविस्तर दिली आहे. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या घरात आठवड्यातून एकदा जाळीतले केस काढायला माणूस तयार आहे, तिथे साधी यंत्रणा वर्षानुवर्षे चालते. ज्या घरात तेवढे होत नाही, तिथे कितीही महागडा संच सहा महिन्यांत बंद पडतो. म्हणून झेपेल तेवढेच करावे. आधी कपड्यांच्या यंत्राचे पाणी, ते सुरळीत चालले तर एका बाथरूमचे, आणि वाफा त्यानंतर.

वर्षाचे वेळापत्रकही आधीच ठरवून टाकावे. जूनमध्ये दमदार पाऊस सुरू झाला की जमीन भरलेली असते, तिला आणखी पाणी नको असते. आळ्याची झडप चेंबरकडे फिरवावी. खडीचा वाफा असेल तर तो चालू ठेवावा, फक्त बाहेर पडणारे पाणी गटाराला सोडावे, नाहीतर जिवाणूंचा थर सुकतो आणि पुन्हा बसायला काही आठवडे लागतात. पाऊस उघडून जमीन वाळू लागली की पाणी परत बागेकडे. त्याच सुमारास कर्दळ हातभर उंचीवर कापावी, गाळाची हौदी उपसावी, आणि वाफ्यात पाणी शिरते तिथली हातभर खडी काढून धुऊन पुन्हा भरावी. मातीवर पांढरा थर दिसत असेल किंवा पाणी पूर्वीपेक्षा हळू मुरत असेल, तर ते सोडियमचे लक्षण समजून साबण बदलावा आणि आळ्यात जिप्सम मिसळून एक-दोन वेळा साध्या पाण्याने भरपूर भिजवावे. हे सगळे एका रविवारच्या सकाळचे काम आहे.